नागीण निघाली तिथपासून: एचआयव्हीच्या उपचाराचं, म्हणजे एआरटीचं, माझं पहिलं वर्ष

नाव लावत नाही, गावही सांगत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, वय ४१, एवढं पुरे. जून २०२३ मध्ये एचआयव्हीचा रिपोर्ट हातात पडला त्या रात्री मी मोबाइलवर मराठीत काही वाचायला मिळतंय का शोधत बसलो होतो. मिळालं ते एकतर धडकी भरवणारं, नाहीतर ‘जडीबुटीने मुळासकट बरा’ छापाचं. सिव्हिलला गेल्यावर काय होतं, किती खेपा पडतात, कोण काय विचारतं, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हे.

आणखी एक. मला हे कसं झालं ते इथे लिहिणार नाही. लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो. सिव्हिलच्या काउन्सेलर मॅडमनी तो सगळ्यात शेवटी विचारला, तोही उपचाराला लागतो म्हणून.

३ जूनच्या शनिवारी उजव्या बरगडीखाली ठणका लागला. गॅस असेल म्हणून सोडून दिलं. तीन दिवसांनी पाठीपासून पोटापर्यंत पट्टा ओढल्यासारखे पाण्याने भरलेले फोड आले. शेजारच्या काकूंनी बघताक्षणी सांगितलं, नागीण. गेरू उगाळून वाटीच घेऊन आल्या. तोंड आणि शेपूट जुळायच्या आत उतरवून घ्या म्हणाल्या. मी विज्ञानाचा मास्तर, पण ठणकाच असा होता की मुकाट गेरू लावून घेतला. दोन बनियन त्यात वाया गेले.

९ तारखेला स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. फी ४०० रुपये, असायक्लोव्हिरच्या गोळ्या दिवसातून पाच वेळा, सात दिवस. मेडिकलचं बिल साडेसातशेच्या आसपास. त्यांनी वजनाचं विचारलं. तोवर मी पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली होती आणि उन्हाळ्यावर ढकलून मोकळा झालो होतो. ते म्हणाले, “नागीण ताणाने निघते, शुगरने निघते, कशानेही निघते. एकदा शुगर आणि एचआयव्ही बघून घेऊ.” तो शब्द त्यांनी शुगरच्या जोडीला, शुगरच्याच आवाजात उच्चारला. त्या आवाजाचा मला पुढे बरेच दिवस आधार झाला.

गावातल्या लॅबमध्ये रक्त घेतो तो माझा जुना विद्यार्थी. शुगर त्याच्याकडे दिली. दुसऱ्यासाठी पंचेचाळीस किलोमीटरवर जिल्ह्याच्या सिव्हिलला जायचं ठरवलं.

१२ जून, सोमवार. एसटीचे ७० रुपये, केसपेपरचे १०. (त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सरकारी आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरही फुकट झाला.) ज्या खोलीत तपासणी होते तिला आयसीटीसी म्हणतात. शिपायाला विचारलंत तर तो लांबून ओरडून रस्ता सांगेल, तेव्हा पाट्या बघत जा. आणि रांग बघून घाबरू नका. सगळ्या गरोदर बायकांची ही तपासणी होते, त्यामुळे रांगेत निम्म्याहून जास्त त्याच असतात. तुम्ही कशासाठी आलात ते कुणाला कळत नाही. एका आजींनी तर मला ‘सूनबाईचा कितवा महिना’ विचारलं.

आत मॅडमनी दार लावून घेतलं, तपासणी कशाची आहे ते सांगितलं आणि संमतीच्या कागदावर सही घेतली. पैसे लागत नाहीत. तिथून पुढे कागदांवर नावाऐवजी एक नंबर चालतो. रक्त दिलं, दीडला या म्हणाले. या चाचणीत विषाणू दिसत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने केलेल्या अँटीबॉडी दिसतात. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर त्याच रक्तावर वेगळ्या बनावटीच्या आणखी दोन करतात, तिन्ही जुळल्या तरच रिपोर्ट देतात. हे मला आधी ठाऊक नव्हतं. दीडला बोलावून “आणखी अर्धा तास थांबा” म्हटलं तेव्हा मी त्याचा अर्थ गर्दी असा लावला.

दोन वाजून दहा मिनिटांनी मॅडमनी परत दार लावलं. त्या काय बोलल्या त्यातलं पहिलं पाच मिनिटांचं काहीच आठवत नाही. टेबलावर पाण्याचा ग्लास होता, त्यावर स्टीलचं झाकण होतं आणि झाकणावर कुणाचं तरी नाव कोरलेलं होतं, ते मी वाचत होतो. मग त्या म्हणाल्या, “सर, आजच एआरटीला नोंदणी करून जा. उद्या येतो म्हणणारे सहा महिन्यांनी येतात.” हे ऐकलं, आणि बरं झालं ऐकलं.

एआरटी सेंटर त्याच आवारात, मागच्या बाजूला. आधारची झेरॉक्स, दोन फोटो, आयसीटीसीची चिठ्ठी. हे तीन जवळ ठेवा, नाहीतर झेरॉक्ससाठी गेटबाहेर पळावं लागतं, मी पळालो. तिथे तुमचं एक पांढरं कार्ड बनतं, ते त्यांच्याकडे राहतं, आणि एक हिरवं पुस्तक मिळतं, ते आपल्याकडे. पुढच्या प्रत्येक खेपेला पहिला प्रश्न ‘पुस्तक आणलं का?’ त्या दिवशी रक्ताच्या पाच-सहा नळ्या भरल्या: सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची मोजणी), हिमोग्लोबिन, किडनी, लिव्हर, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग. छातीचा एक्स-रे. आणि टीबीचे चार प्रश्न: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. हे चार प्रश्न अजूनही दर खेपेला विचारतात, माझे आता तोंडपाठ झालेत.

बायकोला त्याच रात्री गच्चीवर सांगितलं. कसं सांगायचं याची तालीम एसटीत केली होती, त्यातलं एक वाक्य उपयोगी पडलं नाही. तिने पहिलं विचारलं, “पोरीला?” दुसरं काही विचारलं नाही. १५ तारखेला शाळा सुरू झाली आणि १६ला मी किरकोळ रजा टाकली, नव्या वर्षाचा दुसराच दिवस, हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. कंडक्टरने माझे ७० घेतले आणि तिचे ३५. बायकांना अर्धं तिकीट होऊन तीनच महिने झाले होते. “माझं अर्धं,” एवढं एकच ती सबंध रस्त्यात बोलली.

तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. आईचा निगेटिव्ह, म्हणून मुलीची तपासणी करायची गरजच नाही, असं मॅडम म्हणाल्या. मात्र लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे अँटीबॉडी दिसत नाहीत, म्हणून तीन महिन्यांनी परत या. तोवर आणि पुढेही निरोध वापरा, तो तिथेच फुकट मिळतो. बाहेर पडल्यावर ती न बोलता कॅन्टीनकडे वळली आणि काउंटरला म्हणाली, “दोन चहा.” दोन म्हणाली, म्हणून मी मागोमाग गेलो.

२० जूनला सगळे रिपोर्ट घेऊन एआरटीच्या डॉक्टरांसमोर बसलो. सीडी४ २४३. साधारण माणसाचा ५०० ते दीड हजारांच्या दरम्यान असतो. मी विज्ञान शिकवतो म्हटल्यावर त्यांना जरा हुरूप आला असावा, कारण बाहेर पंचवीस माणसं असताना त्यांनी माझ्या एक्स-रेच्या पाकिटावर पेनने आकृती काढायला घेतली. ते पाकीट मी जपून ठेवलंय.

आता जरा सविस्तर, कारण माझं डोकं ठिकाणावर आलं ते या पाकिटाने.

दहावीला आनुवंशिकता शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर एक ओळ काढतो: डीएनए, बाण, आरएनए, बाण, प्रथिन. प्रतिलेखन, भाषांतरण. बाण एकाच दिशेने जातो असंच मी शिकवत आलो. या विषाणूजवळ डीएनए नाहीच. मिलिमीटरचे दहा हजार भाग करा, त्यातल्या एका भागाएवढा हा गोळा, आत आरएनएचे दोन धागे, एकेक सुमारे ९,७०० अक्षरांचा. आपल्या डीएनएत अक्षरं ३०० कोटी. ९,७०० अक्षरं म्हणजे शाळेच्या वार्षिक अंकातला मध्यम लांबीचा लेख.

गोळ्याच्या अंगावर खुंट्या असतात. रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशींवर सीडी४ नावाचा रेणू असतो, त्याच्यावर ही खुंटी बसते. मग शेजारचा दुसरा रेणू पकडते, बहुतेक वेळा सीसीआर५, आणि विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळून जातं. माल आत. विषाणूने सोबत आणलेलं विकर (एन्झाइम), रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज, आरएनएवरून डीएनए लिहितं. माझा बाण उलटा. हे विकर १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी वेगवेगळं शोधलं, १९७५ला त्यांना नोबेल मिळालं, आणि मी मात्र एकाच दिशेचा बाण काढत राहिलो. तो डीएनए मग केंद्रकात जातो आणि इंटिग्रेज नावाचं दुसरं विकर त्याला आपल्या डीएनएमध्ये टाका घालून शिवून टाकतं. इथून पुढे पेशीला आपलं आणि परकं कळत नाही. ती स्वतःचं काम म्हणून विषाणूचे भाग बनवते, ते पेशीच्या कडेला जमतात, फुगा येतो, सुटतो, आणि तिसरं विकर, प्रोटिएज, आतली लांबलचक प्रथिनं कापून त्याला तयार करतं. साधारण दोन दिवसांत एक फेरी. उपचार नसलेल्या माणसाच्या अंगात रोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणू बनतात.

“मग सगळ्या पेशी अशा फुटून मरतात?” मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तेवढंच असतं तर सोपं होतं. काही पेशी विषाणू बनवता बनवता मरतात, काहींना आपल्याच मारेकरी पेशी संपवतात. पण त्याहून कितीतरी पेशी अशा, ज्यांच्यात विषाणूचं काम अर्धवटच राहिलेलं असतं. आत अर्धामुर्धा परका डीएनए सापडला की पेशी स्वतःला जाळून घेते, आणि जाताना आसपास दाह पसरवते. तो दाह आणखी सीडी४ पेशींना तिथे बोलावतो. शिवाय सगळ्यात मोठा घाला रक्तात पडतच नाही, आतड्यात पडतो. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक सीडी४ पेशी जातात. अस्तर झिरपू लागतं, जंतूंचे अंश रक्तात येत राहतात आणि प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षं विनाकारण जागी राहते. वरून माणूस ठणठणीत, आत असं आठ-दहा वर्षंसुद्धा चालतं. माझं कधीपासून चाललं होतं ते आता कळायला मार्ग नाही.

सीडी४ पेशी स्वतः फारसं कुणाला मारत नाही. आमच्या शाळेत हेडमास्तर रजेवर असले तर तास चालतात, पण घंटा देणारा शिपाई आला नाही की सगळा बोजवारा. कोण कुठल्या वर्गावर, मधली सुट्टी झाली की नाही, कशाचा पत्ता नाही. सीडी४ म्हणजे तो शिपाई. अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी आहेत, मारणाऱ्या पेशी आहेत, पण घंटा होत नाही. मी चौथीत असताना मला कांजिण्या झाल्या होत्या. तो विषाणू तेव्हापासून मणक्याजवळच्या नसांत दबून बसलेला, तीसेक वर्षं कुणीतरी त्याच्यावर नजर ठेवून होतं. नजर हटली आणि तो एका नसेच्या वाटेने बाहेर आला. तीच नागीण. पट्टा एका बाजूलाच का असतो, तेही मला तेव्हा कळलं.

त्या दिवशी तीन गोष्टी मिळाल्या. पहिली टीएलडी: टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३००, डोलुटेग्रॅव्हिर ५०, तिन्ही एकाच गोळीत, रोज एक, जन्मभर, फुकट. दुसरी कोट्रायमोक्साझोल, इतर जंतूंचा संसर्ग होऊ नये म्हणून, कारण सीडी४ ३५०च्या खाली होता. तिसरी टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड, सहा महिने, सोबत मुंग्या येऊ नयेत म्हणून बी६. डॉक्टरांनी पाकिटावरच्या आकृतीत दोन ठिकाणी फुली मारली. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही खोटी अक्षरं. उलटा बाण चालू असताना विकर फसून ती डीएनएच्या माळेत घेतं, पण त्यांना पुढचा हूकच नसतो. मालगाडीला मागचा हूक नसलेला डबा जोडला की पुढचे डबे लागणार कसे? डोलुटेग्रॅव्हिर त्यापुढे उभं, शिवणाऱ्या विकराचा हात धरून.

तीनच का, तर हे उलटं लिहिणारं विकर शुद्धलेखनात कच्चं आहे आणि लिहिलेलं तपासतही नाही. रोज १,००० कोटी प्रती आणि प्रत्येक तीन-चार प्रतींमागे एखादी चूक, म्हणजे जी चूक होऊ शकते ती कुठेतरी रोज होतेच. एकट्या लॅमिव्ह्युडिनला चुकवायला एका अक्षराचा बदल पुरतो. तिन्ही औषधांना एकदम चुकवणारी प्रत निघणं फार अवघड, पण गोळ्या मधूनमधून बुडवल्या, रक्तातलं औषध अर्धवट उतरलं, की आपणच तिला वेळ देतो. “पथ्य पाळा” असं मला शंभरदा सांगितलं असतं तर मी पन्नासदा विसरलो असतो. आकृती विसरता येत नाही.

पहिले दहा दिवस डोकं जड होतं. गोळी रात्री नऊला घ्यायचो, तर झोप उडाली, दोन-अडीचला टक्क जागा. पुढच्या खेपेला सांगितल्यावर सकाळची करून दिली, मग झोप लागली. न सांगता मनाने बदलू नका, पण सांगायला लाजूही नका. दुसरं, मला जेवणानंतर गॅसचं पातळ औषध घ्यायची सवय. त्यातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम डोलुटेग्रॅव्हिरला पोटातच धरून ठेवतं. टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांचंही सिस्टरांना विचारून घ्या. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, दोन एकदम नकोत.

आणि डबी. तीस गोळ्यांची पांढरी प्लॅस्टिकची डबी पिशवीत टाकून एसटीत बसलो, तर गाडी खड्ड्यात गेली की खुळ्ळ. शेजारचा बघतो. आपल्याला वाटतं सगळी गाडी बघतेय. मी गेटबाहेर कापसाचं बंडल घेतलं, दहा रुपये, आणि डबीत वर कापूस कोंबला. तेव्हापासून आवाज नाही. गोळ्या दुसऱ्या पुडीत काढून नेऊ नका, ओल लागते, आणि पुढच्या खेपेला उरलेल्या गोळ्या मोजतात तेव्हा पंचाईत होते. एचआयव्हीच्या पेशंटला एसटीचा सवलतीचा पास मिळतो, मी काढला नाही. आमच्या मार्गावरच्या कंडक्टरची मुलगी माझ्या वर्गात आहे. ज्यांना चालतंय त्यांनी जरूर काढावा, वर्षाचे हजार-दोन हजार वाचतात.

सप्टेंबरमध्ये बायकोची तपासणी परत झाली, परत निगेटिव्ह. त्या दिवशी चहाबरोबर वडाही सांगितला.

शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. २०१७चा एचआयव्हीचा कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे, त्यात आपली माहिती आपल्या संमतीशिवाय कुणी फोडायची नाही आणि या कारणाने नोकरी काढून घ्यायची नाही, असं स्पष्ट आहे. कायदा वाचून धीर आला, पण स्टाफरूममध्ये तो कुणी वाचलेला नाही हेही खरं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दाढ दुखली. एका खासगी दातांच्या डॉक्टरांना आपणहून सांगितलं, तर ‘मशीन बिघडलंय, फोन करतो’. फोन आला नाही. त्याच कायद्याने उपचार नाकारता येत नाहीत, भांडायला हवं होतं, पण दाढ दुखत असताना भांडवत नाही. सिव्हिलच्या दंत विभागात दाढ काढली, वीस मिनिटं लागली. त्या मॅडमनी सगळ्यांसाठी घालतात तेच हातमोजे घातले.

व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याची, पहिली तपासणी सहा महिन्यांनी होते. १८ डिसेंबरला रक्त दिलं. नमुना बाहेर जातो, म्हणून वाट बघायची. तीन आठवड्यांत मी रोज काही ना काही बेरजा करत होतो: जुलैत गोळी एकदा चार तास उशिरा, गणपतीत एकदा गॅसचं औषध जवळजवळ बरोबरच. ८ जानेवारीला सिस्टरांनी पुस्तकात लिहिलं, टीएनडी, म्हणजे टार्गेट नॉट डिटेक्टेड. सीडी४ ३६८. मी विचारलं, गेला का? त्या हसल्या. गेला नाही, सापडत नाही. काही सीडी४ पेशी आठवण ठेवण्याच्या कामाच्या असतात, त्या वर्षानुवर्षं झोपून राहतात आणि त्यांच्या डीएनएत तो शिवलेला आहे. झोपलेली पेशी काही बनवत नाही, मग गोळी अडवणार तरी काय? गोळ्या बंद केल्या की त्यातली एखादी जागी होते आणि काही आठवड्यांत सगळं पहिल्यापासून. पण लोड असा न सापडणारा राहिला तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे त्यांनी बायकोला आत बोलावून तिच्यासमोर परत सांगितलं. ती म्हणाली, “परत एकदा सांगा.” त्यांनी परत एकदा सांगितलं.

जून २०२४: लोड पुन्हा टीएनडी, सीडी४ ४५१. दोनदा ३५०च्या वर आला म्हणून कोट्रायमोक्साझोल बंद. आता तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात, वर्षाला चार खेपा. पट्ट्याची नवी भोकं वापरात नाहीत. बरगड्यांवर नागिणीचा पांढुरका डाग आहे, थंडीत अजून चुणचुणतो. बदली झाली किंवा गाव सोडलं तर नोंद दुसऱ्या सेंटरला वळवून मिळते, फक्त आधी सांगा. आणि कुणाशीच बोलता येत नसेल तर १०९७ हा एचआयव्ही-एड्स हेल्पलाइनचा फोन फुकट आहे, नाव विचारत नाहीत. मी दोनदा लावला होता, पहिल्यांदा काही न बोलता ठेवून दिला.

परवा दहावी ‘ब’वर आनुवंशिकता घेतली. डीएनए, बाण, आरएनए, बाण, प्रथिन. मग आरएनएकडून डीएनएकडे एक उलटा बाण काढला आणि त्यावर रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज असं लिहिलं. सात-आठ मिनिटं बोललो असेन, मालगाडीच्या डब्यासकट. मागच्या बाकावरून हात वर आला.

“सर, हे परीक्षेला आहे का?”

नाही म्हटलं. सगळ्यांनी पेनं खाली ठेवली.